नाताळच्या पंगतीतली नावं

रणनवऱ्यांच्या घरात नाताळचं जेवण गरम गरम कुणी खाल्लेलं नाही. स्वयंपाक वेळेवर होतो, पंगत वेळेवर बसते, पानंही वेळेवर वाढली जातात. पण पान वाढल्यावर प्रार्थना होते, आणि रणनवऱ्यांची प्रार्थना म्हणजे नमनाला घडाभर तेल. रश्श्यावरचा तवंग थिजतो, पुलावाची वाफ विरते, पोरं एक डोळा किलकिला करून दुसऱ्याच्या पानातली नळी हेरून ठेवतात. नव्या सुना पहिल्या वर्षी 'आमेन' कधी येतंय याची वाट बघत बसतात आणि दुसऱ्या वर्षी सकाळीच काहीतरी पोटात ढकलून येतात. मुक्ताआत्याला मात्र या प्रार्थनेची थट्टा खपत नाही. कुणी केलीच तर ती म्हणते, "गार जेवून कुणी मेलेलं नाही या घरात. आणि मेलंच, तर त्याचंही नाव घेऊ."

कारण ही प्रार्थना नावांची असते. घरातल्या कर्त्या पुरुषानं डोळे मिटून रणनवऱ्यांच्या गोतातल्या एकेकाचं नाव देवापुढे घ्यायचं. थोरल्या घरापासून धाकट्या घरापर्यंत, सुना-जावयांसकट, तान्ह्या बाळांसकट. दुबईला असेल त्याचं, आणि रुसून आलेला नसेल त्याचंही. वर्षभरात जन्मलेल्या पोराचा बाप्तिस्मा कधीही होवो, पण नाताळच्या पंगतीत त्याचं नाव घेतलं गेलं की ते पोर खरं रणनवऱ्यांचं झालं, असं सगळे मानत. सर्वांत शेवटी देवाकडे गेलेल्यांची नावं. मग आमेन, आणि मग गार जेवण.

ही पद्धत पाडली मुक्ताआत्याच्या वडिलांनी, शांतवन रणनवऱ्यांनी. ते मूळचे नगरकडचे. आईबाप लहानपणीच पटकीत गेले आणि ते मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथे त्यांना भाकरी मिळाली, अक्षर मिळालं, देव मिळाला. पण रात्री झोपताना आपल्या नावाची काळजी करणारं कुणी नव्हतं, असं ते सांगत. पुढे ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले, लग्न झालं, पोरं झाली. पहिल्या नाताळात त्यांनी बायकोचं आणि मांडीवरच्या आनंदचं, अशी दोनच नावं घेतली. मग दर वर्षी नावं वाढत गेली आणि जेवण गार होत गेलं.

मुक्ता ही शांतवनरावांची दुसरी. थोरला आनंद, मग ती, मग जयसिंग, आणि त्याच्या पाठची पाच. तिचं वय आता सत्तरीपार आहे, पण तोंड अजून पंचविशीतलं. तीही वडिलांमागोमाग कारखान्यात लागली, पॅकिंग खात्यात. लग्नाचं वय झालं तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती. आईच्या आजारपणातून सुटली तोवर धाकट्यांची लग्नं उभी राहिली होती. एकदा एक स्थळ सोलापूरहून आलं होतं, मुलगा रेल्वेत होता. त्यानं विचारलं, "गाणं येतं का?" मुक्तानं विचारलं, "तुम्हाला स्वयंपाक येतो का?" ते स्थळ संध्याकाळच्या गाडीनं परत गेलं. पुढे कुणी विषय काढला की ती म्हणायची, "मला भावंडांची सात घरं आहेत. आठवं कशाला?" अर्थात कधीकधी, एखाद्या रविवारी दुपारी, सात घरांतल्या एकाही घरातून फोन आला नाही की तिला ते आठवं घर आठवायचं. पण हे ती कुणाला सांगत नसे.

नाताळ मात्र तिचाच. दिवाळी संपली की उरलेसुरले आकाशकंदील अर्ध्या किमतीत मिळतात. मुक्ताआत्या ते आणून सोडवायची आणि त्याच काड्यांचे नाताळचे तारे बांधायची. शेजारच्या घरांतून दिवाळीच्या फराळाची ताटं आलेली असत. ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम, त्यामुळे ती ताटं दीड-दोन महिने रणनवऱ्यांच्या फळीवर मुक्कामाला असत आणि नाताळला करंज्या, चकल्या, केकचा तुकडा घेऊन क्रोशाच्या रुमालाखालून आपापल्या घरी जात. कारखान्याच्या क्वार्टर्समधल्या जोशीकाकू तर डिसेंबर लागला की म्हणत, "मुक्ता, आमची ताटं आता येतील ना गं माहेरपणाहून?"

आदल्या दिवशी सकाळी बायका जमून येशूचा पाळणा म्हणत. जोशीकाकू त्यातही येऊन बसायच्या. शब्द माहीत नसले तरी चाल ओळखीची, त्यामुळे त्या 'जो जो रे बाळा'ला बरोब्बर आवाज लावायच्या. संध्याकाळी पोरांची टोळी ढोलकी आणि पेटी घेऊन गाणी म्हणत क्वार्टर्समधून फिरायची. त्यात निम्मी पोरं ख्रिस्ती नसत. ती चहा-चिवड्यासाठी यायची आणि सगळ्यांत मोठ्यानं गायची. आता ती क्वार्टर्स सुटली, रणनवरे पांगले. कुणी बिबवेवाडीला, कुणी लोणी काळभोरला, कुणी पार वाकडला. पण खडकी बाजारामागचं शांतवनरावांनी बांधलेलं बैठं घर अजून आहे, आणि नाताळचं जेवण अजून तिथल्याच अंगणात, मांडवाखाली, सतरंज्या टाकून होतं. मुक्ताआत्या आणि तिची थोरली वहिनी इंदुबाई त्याच घरात राहतात.

आणि केक? केक घरच्या ओव्हनमध्ये करायची पद्धत या घरात नाही. नाताळच्या चार दिवस आधी मैदा, लोणी, साखर, अंडी, जायफळ, सगळं डब्यांत भरून नियाजभाईंच्या बेकरीत न्यायचं. तिथे मोठ्या पातेल्यात ते फेटून घ्यायचं, पत्र्याच्या डब्यांत ओतायचं, डब्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि लाकडावरच्या भट्टीत भाजून येईपर्यंत बाकावर बसून राहायचं. खडकीतल्या सगळ्या ख्रिस्ती बायका त्या दिवसांत त्या बाकावर भेटत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या पिठात लोण्याऐवजी डालडा आहे, सगळ्या बातम्या तिथे कळत. मुक्ताआत्या लहानपणापासून त्या बाकावर बसत आली होती. तिच्यासोबत, परकर-पोलक्यातली होती तेव्हापासून, भाची कादंबरी असायची.

कादंबरी म्हणजे आनंददादा आणि इंदूवहिनींची मुलगी, त्यांच्या थोरल्या तेजसच्या पाठची. वहिनी तेव्हा शाळेत शिकवायच्या, त्यामुळे पोर वाढली आत्याच्या कडेवर. तिला पहिलं गाणं आत्यानं शिकवलं, पहिला धपाटाही आत्यानंच घातला. आणि त्या बेकरीतल्या बाकावर बसता बसताच, आत्याच्या डोळ्यांदेखत आणि तरीही आत्याला पत्ता न लागता, कादंबरीचं नियाजभाईंच्या तौफिकशी जमलं. "माझ्या नाकाखाली झालं आणि मला वाटलं, पोरीला केकचा वास आवडतो," असं आत्या नंतर स्वतःलाच सुनवायची.

दोघांनी कोर्टात लग्न केलं. ना तिनं धर्म बदलला, ना त्यानं. नियाजभाईही तेव्हा चिडले होते, पण नात झाल्यावर निवळले. आनंददादा निवळला नाही. तो मंडळीच्या पंचांपैकी एक, रविवारी उपासनेत पहिल्या बाकावर बसणारा. तो ओरडला नाही, की रडला नाही. नाताळ आला, पंगत बसली, पानं वाढली, दादानं डोळे मिटले आणि नावं घ्यायला सुरुवात केली. तेजस आला. तेजसनंतर जयसिंगचं घर आलं.

मुक्ताआत्याला वाटलं, शेवटी घेईल. शेवटी गेलेल्यांची नावं आली. आई आली, बाबा आले. कादंबरी त्यांच्यात तरी कशी असेल? ती जिवंतांत नव्हती आणि मेलेल्यांतही नव्हती.

पंगत उठल्यावर आत्यानं दादाला गाठलं. "दादा, पोरीचं नाव का गाळलंस?"

"मी नाही गाळलं. तिनं गाळून घेतलं."

"बाबांनी असतं का गाळलं?"

"बाबांवर ही वेळ नव्हती आली," दादा म्हणाला, आणि हात धुवायला गेला. आत्या त्याच्याशी थेट ईस्टरपर्यंत बोलली नाही. पण प्रार्थना ही घरातल्या कर्त्याची. त्यात दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही, हे शांतवनरावांच्या सगळ्या पोरांच्या अंगात मुरलेलं. आत्याच्याही.

केक मात्र नियाजभाईंच्याच भट्टीत होत राहिला. दुसरीकडे कुठे जायचं हे कुणाला सुचलंच नाही. "मुलगी तोडली, पण भट्टी नाही तोडवली," आत्या म्हणायची, तेही दादाला ऐकू जाईल अशा बेतानं. दर डिसेंबरात ती डबे घेऊन जायची, आणि बेकरीत बाह्या सरसावून कादंबरी उभी असायची. "आत्या, लोणी कमी आणलंयस." "आत्या, अंडी एवढी बारकी कुठून आणलीस?" रणनवऱ्यांचं पीठ ती कामगाराच्या हाती देत नसे, स्वतः फेटायची. म्हणजे जिचं नाव पंगतीत नव्हतं, तिच्या हातचा केक सगळी पंगत मिटक्या मारत खायची. आणि दादा तुकडा तोंडात टाकून म्हणायचा, "नियाजभाईंच्या भट्टीला तोड नाही."

दादाचा राग आत्याला समजायचा. तिला समजत नसत त्या इंदूवहिनी. आई असून या बाईनं एकदाही विचारलं नाही, पोर कशी आहे. बेकरीतून आल्यावर आत्या मुद्दाम स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं सांगायची. "कादंबरीला मुलगी झाली. अलिझा नाव ठेवलंय." "अलिझाला दात आले." "अलिझा शाळेत पेटी वाजवते, तुमच्या माहेरचा हात आलाय." वहिनी कणीक मळत असायच्या, मळत राहायच्या. कधी म्हणायच्या, "केक जरा करपलाय खालून." बस्स, इतकंच. अशा वेळी आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. देवानं मला लेकरू दिलं नाही आणि या दगडाला दिलं, असंही एकदा तिच्या मनात आलं, आणि त्याबद्दल तिनं रात्रीच्या प्रार्थनेत क्षमा मागितली. पण अर्धवट मनानं.

गेल्या जुलैत दादा गेला. सकाळी चहा पिता पिता गेला. दफनाला कादंबरी आली होती. कबरस्तानाच्या फाटकापाशी तौफिकसोबत उभी राहिली, पुढे आली नाही. इंदूवहिनींनी तिकडे एकदा बघितलं आणि पदर तोंडाशी धरला. आत्या वाट बघत होती, आता तरी ही बाई चार पावलं जाईल. वहिनी गेल्या नाहीत. जयसिंगच्या बायकोनं त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

डिसेंबर लागला तसा प्रश्न उभा राहिला की आता प्रार्थना कोण करणार. रिवाजानं पाळी जयसिंगची. त्याच्या पाठचा एक भाऊ गेलेला, दुसरा कॅनडात. जयसिंग लोणी काळभोरला राहतो, शेती बघतो, माणूस सरळ आहे. पण त्याला स्वतःच्या सख्ख्या नातवंडांची नावंही एका दमात येत नाहीत. तो म्हणाला, "मी मोबाइलमध्ये टाइप करून ठेवतो. बघून म्हणीन."

"देवापुढे मोबाइल बघून नावं घेणार?" आत्या म्हणाली. "मग प्रार्थना तरी कशाला? त्यालाच फॉरवर्ड कर."

सगळे हसले. जयसिंगही हसला, आणि सुटका झाल्यासारखा म्हणाला, "मग अक्के, तूच कर. तुला सगळी पाठ आहेत. बाबांची चाल तुझ्यासारखी कुणाला येत नाय." बाईनं प्रार्थना करायची म्हणून एकदोघांनी भुवया उंचावल्या, पण आत्याशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या घरात अजून जन्माला यायचा आहे.

आत्यानं त्याच क्षणी ठरवलं. या वर्षी कादंबरीचं नाव तिच्या जागेवर घ्यायचं. तेजसनंतर, जयसिंगच्या आधी, मोठ्यानं. एवढी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते देवानं आपणहून तिच्या हातात आणून ठेवलं होतं. तिनं घरात कुणाला सांगितलं नाही. दुधी चिरताना, तारा बांधताना, ओट्यापाशी उभी राहून ती नावं घोकायची. तेजस, कादंबरी. तेजस, कादंबरी.

केकचे डबे घेऊन बेकरीत गेली तेव्हा तिनं कादंबरीला बाजूला घेतलं. "पंचवीस तारखेला जेवायला या. तिघंही."

कादंबरीचा हात पातेल्यात थांबला. "आत्या, पप्पा गेले आणि लगेच? लोक म्हणतील, बाप मरायचीच वाट बघत होती."

"लोकांना मी जेवायला बोलावलेलं नाही. तुला बोलावलंय."

"जेवायला मला घरी आहे गं," कादंबरी म्हणाली. आता तिच्याही केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. "मला त्या अंगणात पाहुणीसारखं बसून पुलाव नाही खायचा. तिथे बसायचं, डोळे मिटायचे, आणि सगळ्यांची नावं ऐकायची. मागे एकदा मी बाहेर रस्त्यावर उभी राहून ऐकली होती आत्या, अलिझा पोटात होती तेव्हा. परत नाही ऐकू शकत मी."

आत्याला हे माहीत नव्हतं.

"या वर्षी प्रार्थना मी करणार आहे," ती म्हणाली. "तुझं नाव घेणार. तुझ्या जागेवर. आत्या शब्द देतेय तुला."

तौफिक गल्ल्यावरून ऐकत होता. तो म्हणाला, "आत्या, हम आएंगे. पण एक सांगतो, राग मानू नका. हिला तिथे परत रडताना बघितलं, तर पुन्हा मी हिला त्या गल्लीत पाठवणार नाही. केकसुद्धा मग बेकरीतला पोरगा आणून देईल तुमच्या घरी."

"कळलं," आत्या म्हणाली. खरंच कळलं होतं. ही एकच संधी होती.

पंचवीस तारखेला उपासना सुटली, सगळे सलाम घालत, गळ्यात पडत अंगणात जमले. नव्या कपड्यांचा आणि मटणाचा वास एकत्र झाला. पंगत बसता बसता फाटक वाजलं आणि कादंबरी आत आली. निळी साडी नेसलेली, मागे तौफिक, आणि त्याच्याएवढीच उंच झालेली अलिझा. अंगण असं चिडीचूप झालं की मांडवाचं कापड फडफडलेलं ऐकू आलं. तेजस उठला आणि बहिणीच्या हातातली नानकटाईची पिशवी घेऊन तसाच उभा राहिला; पुढे काय करायचं ते त्याला कळेना. आत्यानं इंदूवहिनींकडे बघितलं. वहिनी पंगतीच्या सुरुवातीला, दर वर्षीच्या आपल्या जागी बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पानं वाढलीत. बसून घ्या." धड स्वागत नाही, की हाकलणंही नाही. आत्यानं दात आवळले. त्या तिघांना तिनं स्वतः पंगतीच्या शेवटी जागा करून दिली आणि येऊन दादाच्या रिकाम्या जागेवर, वहिनींच्या शेजारी बसली.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

तिनं सुरुवात केली. हे प्रभू, तू गोठ्यात जन्मलास, तुला जागा मिळाली नाही, तू आमच्या घरात ये. ही बाबांचीच वाक्यं, दादानंही हीच म्हटलेली. डोळे मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांआड सगळी पंगत श्वास घेत होती. आणि मग, कसं झालं कुणास ठाऊक, तिच्या कानात दादाचा आवाज सुरू झाला. तीच लय, तोच ठेका. नावं घ्यायला आठवावं लागेना. दादा पुढे, आणि तिची जीभ मागे मागे. इंदुमती. तेजस. तेजसची बायको, तेजसची पोरं. कसं सुरळीत चाललंय, बाबा ऐकत असतील, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग ती थांबली. का थांबली हे तिला कळलं नाही. दादा इथे थांबायचा, म्हणून जीभ थांबली. एक श्वास झाला आणि ओठांवर पुढचं नाव आलं, जयसिंग.

"कादंबरी," शेजारून आवाज आला.

मोठा नव्हता, पण सगळ्या पंगतीत ऐकू जाईल एवढा होता. इंदूवहिनींचा होता.

"तौफिक," वहिनी म्हणाल्या. "अलिझा."

मुक्ताआत्याच्या ओठांवरचा जयसिंग तिथेच राहिला. आपण काय करणार होतो हे तिला तेव्हा कळलं. दुधी चिरताना घोकलेलं, बेकरीत शब्द देऊन सांगितलेलं, सगळं त्या ठेक्यात वाहून गेलं होतं. इतकी वर्षं ज्या गाळण्याचा राग राग केला, तेच गाळणं तिला पाठ झालं होतं. तिनं डोळे उघडले. पंगतीतल्या निम्म्यांनी उघडले होते. शेवटच्या टोकाला कादंबरीची मान खाली होती आणि खांदे हलत होते. तौफिकनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि त्याच्या स्वतःच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अलिझा मात्र डोळे टक्क उघडून आजीकडे बघत होती. एवढ्या लोकांत आपलं नाव कुणी घेतलं, ते तिला नीट बघून ठेवायचं होतं.

वहिनींचे डोळे मिटलेलेच होते. त्या वाट बघत होत्या.

"जयसिंग," आत्यानं कसंबसं म्हटलं, आणि पुढची नावं घेतली. दोन ठिकाणी अडखळली, एकदा चुकून जयसिंगच्या धाकट्या सुनेला त्याच्या मेव्हण्याच्या घरात टाकलं, पण कुणी हूं का चूं केलं नाही. शेवटी गेलेल्यांमध्ये बाबांनंतर, आईनंतर, आनंद हे नाव पहिल्यांदा आलं. आमेन झालं.

कुणालाच पहिला घास घ्यायचा धीर होईना. शेवटी जयसिंग म्हणाला, "आता जेवायचं का, का अजून कुणी ऱ्हायलंय?" आणि सगळं अंगण हसलं, थोडं रडलं, आणि गार रश्श्यावर तुटून पडलं. इंदूवहिनी उठल्या, मटणाचं पातेलं घेऊन पंगतीच्या टोकाला गेल्या आणि अलिझाच्या पानापुढे वाकल्या. "तिखट चालतं का गं तुला?" त्यांनी विचारलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच उभ्या राहिल्या. पातेलं तेजसनं काढून घेतलं.

पंगत उठली, दुसरी बसली, तीही उठली. परसात नळाखाली दोघी नणंद-भावजया मोठी पातेली घासायला बसल्या. एवढ्या सुना असताना हे काम त्या दोघी कुणाला देत नसत. पातेलं घासता घासता आत्या एकदम म्हणाली, "वहिनी, मी विसरले होते. शब्द दिला होता पोरीला, आणि विसरले. तुम्ही बोलला नसतात तर मी जयसिंगवर गेले असते."

"कळलं मला," वहिनी म्हणाल्या.

"मी तुम्हाला काय काय समजत होते," आत्या म्हणाली. राखेचा हात तसाच डोळ्यांकडे नेणार होती, वहिनींनी मनगट धरून तो खाली केला.

"तू बेकरीतून येऊन मोठ्यानं सांगायचीस, तेवढंच मला कळायचं. म्हणून गप्प असायचे. मधे बोलले असते तर हुंदका आला असता, आणि मग तूही सांगायचं थांबली असतीस."

"पण आज ऐन वेळी सुचलं कसं तुम्हाला?"

"त्यात सुचायचं काय? दर वर्षी घेते की मी. तेजसनंतर."

"मनातल्या मनात?"

"नाही गं. देवाला मनातलं कळतं, पण मला तेवढ्यानं बरं वाटत नव्हतं. हळू घ्यायचे, पण तोंडानं घ्यायचे. आधी तिचं एकटीचं. मग तौफिकचं. मग तू सांगितलंस तेव्हापासून अलिझाचं."

दादा तर पंगतीत वहिनींच्या खांद्याला खांदा लावून बसायचा.

"दादाला ऐकू जात नव्हतं?"

वहिनींनी नळ बंद केला.

"जायचं की," त्या म्हणाल्या. "म्हणून तर ते तिथे थांबायचे. माझं तिघांचं घेऊन होईपर्यंत कधी पुढे गेले नाहीत."